मेंदूचा मुका मार

सुतारपक्ष्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. दिवसभर झाडावर चोच आपटूनही त्याचं डोकं दुखत नाही, कारण म्हणे निसर्गाने त्याच्या कवटीत धक्के शोषणारा स्पंज बसवला आहे. ही कल्पना इतकी लाडकी झाली की डोक्याचं रक्षण करणाऱ्या साधनांच्या जाहिरातींतही हा पक्षी डोकावू लागला. २०२२ मध्ये अँटवर्प विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यांनी सुतारपक्ष्यांचं चित्रण केलं आणि या गोष्टीतली हवाच काढून घेतली. पक्ष्याचं डोकं अगदी ताठ, हातोड्यासारखं चालतं. धक्का मधेच शोषला गेला तर चोच लाकडात घुसणार कशी? हातोड्याला उशी बांधून खिळा कोण ठोकतं! पक्षी वाचतो तो मेंदू चिमुकला असल्यामुळे. मेंदू जितका लहान, तितका मोठा झटका तो सोसतो. माणसाचा मेंदू सव्वा ते दीड किलोचा असतो, आणि या बाबतीत तेच आपलं दुर्दैव आहे.

हे दुर्दैव सर्वांत बारकाईने तपासलं गेलं ते अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंमध्ये. आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की गोल चेंडू आणि पायांची करामत आठवते. हा खेळ वेगळा आहे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता आणि बहुतेक वेळ हातातच असतो. खेळ पाच-सहा सेकंदांच्या तुकड्यांत चालतो. चेंडू हलला की समोरासमोर वाकून उभ्या असलेल्या दोन रांगा एकमेकींवर आदळतात. या रांगांमधले गडी सव्वाशे-दीडशे किलोचे असतात. प्रेक्षकांची आणि कॅमेऱ्याची नजर चेंडूच्या मागे धावते, त्यामुळे रांगेतल्या टकरींकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. दर डावाला टक्कर ठरलेली, सामन्यात असे साठ-सत्तर डाव आणि आठवडाभराचा सराव वेगळा.

माइक वेबस्टर या रांगेच्या मधोमध, सेंटरच्या जागेवर खेळायचा. १९७४ ते १९९० असे सतरा हंगाम, त्यातले पंधरा पिट्सबर्ग स्टीलर्स या संघाकडून, सुपर बोलची, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्याची, चार विजेतेपदं आणि ‘आयर्न माइक’ हे टोपणनाव. निवृत्तीनंतर त्याची आठवण, झोप, पैशांचं भान सगळंच सुटत गेलं. काही काळ त्याने आपल्या पिकअप ट्रकमध्ये झोपून काढला. सप्टेंबर २००२ मध्ये तो गेला तेव्हा पन्नास वर्षांचा होता. शवविच्छेदन करणारे डॉक्टर बेनेट ओमालू मूळचे नायजेरियाचे. फुटबॉलमधलं त्यांना फारसं काही कळत नव्हतं, आणि कदाचित ते बरंच झालं. मेंदू बाहेरून धडधाकट दिसत होता. ना रक्तस्राव, ना आक्रसलेपण. तरी ओमालूंनी तो जपून ठेवला, त्याचे पातळ काप करून रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या तिथे जागोजागी दिसत होत्या.

आपल्याकडे याला फार नेमका शब्द आहे: मुका मार. वरून खरचटलेलंही नाही, पण आत सगळं दुखावलेलं. फक्त हाताचा किंवा पाठीचा मुका मार दुसऱ्या दिवशी ठणकून बोलतो. मेंदूचा बोलायला वीस-तीस वर्षं लागू शकतात.

हा मार आत पोचतो कसा, हे समजायला खरवसाचा डबा पुरतो. मेंदू साधारण तसाच असतो: मऊ, थलथलीत, जेमतेम आकार धरणारा. डबा टेबलावर हलकेच आपटला तर खरवसाला फारसं काही होत नाही. पण डबा हातात धरून मनगटाच्या झटक्याने गर्रकन फिरवा आणि तितक्याच अचानक थांबवा. डबा फिरतो, खरवसाचा कडेचा भाग त्याच्याबरोबर ओढला जातो, मधला मागे राहतो आणि आत तडे जातात. डबा मात्र शाबूत. ऑक्सफर्डच्या ए. एच. एस. हॉलबोर्न या भौतिकशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये जिलेटिनचे मेंदू बनवून हेच दाखवलं होतं. मेंदू पाण्यासारखाच दाबाला दाद देत नाही. सर्व बाजूंनी दाबला तरी त्याचं आकारमान जवळपास तेवढंच राहतं. पण थरावर थर सरकवणाऱ्या ताणापुढे तो अगदी दुबळा असतो. म्हणून सरळ बसलेल्या ठोशापेक्षा मान वळवणारा, डोकं गरकन फिरवणारा फटका जास्त घातक ठरतो.

आता या डब्याभोवती गोधडी गुंडाळा. डब्याला पोचा पडणार नाही. आतल्या खरवसाचं फिरणं तेवढ्याने थांबत नाही. हेल्मेटचं दुखणं हेच आहे.

म्हणून हेल्मेट निरुपयोगी, असा निष्कर्ष कुणी काढू नये. आपल्याकडच्या दुचाकीस्वारांनी तर मुळीच नाही. या खेळाने माणसं अक्षरशः मारली आहेत. १९०५ च्या हंगामात अठरा मृत्यू मोजले गेले, आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या मंडळींना बोलावून खेळ सुधारा असं बजावलं. १९६८ मध्ये शाळेपासून व्यावसायिक पातळीपर्यंत मिळून छत्तीस खेळाडू मैदानावरच्या दुखापतींनी दगावले. मग हेल्मेटच्या चाचणीचे निकष आले, १९७६ मध्ये डोकं भाल्यासारखं पुढे करून धडकण्यावर बंदी आली, आणि १९९० साली या खात्यावर एकही मृत्यू नव्हता. कवटी फुटणं, मेंदूत रक्त साचणं या गोष्टी हेल्मेटने खरोखर कमी केल्या. मात्र कित्येक दशकं ही चाचणी नकली डोकं उंचावरून सरळ खाली पाडून होत असे. डोकं फिरलं किती, हे त्यात मोजलंच जात नव्हतं. हेल्मेट जे करायला बनवलं गेलं ते त्याने चोख केलं. शिवाय डोक्यावर टणक कवच आलं की माणूस तेच डोकं हत्यारासारखं वापरायला लागतो, हा मनुष्यस्वभावही हिशेबात धरायला हवा होता.

आत पेशींमध्ये जे घडतं त्याचे दोन अंक आहेत. पहिला अंक काही मिनिटांपासून काही दिवसांचा, म्हणजे कन्कशन. ताणल्या गेलेल्या चेतापेशींच्या आवरणातून पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. ही घडी पूर्ववत बसवायला पेशींना भरपूर ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा मंदावतो. मागणी वाढली, पुरवठा घटला. भोवळ, गोंधळ, मळमळ, उजेड सहन न होणं ही त्या टंचाईची लक्षणं. सीटी स्कॅन बहुधा स्वच्छ येतो, कारण फाटलेलं, फुटलेलं असं काही दिसण्याजोगं नसतंच. या टंचाईच्या दिवसांत दुसरा मार बसला तर, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदू झपाट्याने सुजून जीवही जाऊ शकतो.

दुसरा अंक संथ आहे. चेतातंतूंच्या आत मालवाहतुकीसाठी सूक्ष्म नळ्यांचे रूळ असतात आणि टाऊ हे प्रथिन त्या रुळांना स्लीपरसारखं धरून ठेवतं. वारंवार ताण बसला की टाऊ सुटतं, त्याची रासायनिक ठेवण बदलते आणि त्याच्या गुठळ्या होऊ लागतात. मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती त्या पहिल्यांदा दिसतात. संगणकावर धडकेची नक्कल केली तर ताण सर्वाधिक साठतो तोही याच घड्यांच्या तळाशी. अल्झायमरमध्येही टाऊच्या गुठळ्या होतात, पण त्यांची मांडणी वेगळी. या विकाराचं नाव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, सुटसुटीत सीटीई. बॉक्सरांमध्ये असं काही होतं हे १९२८ पासून वैद्यकाला माहीत होतं. हॅरिसन मार्टलंड यांनी तेव्हाच ‘पंच ड्रंक’ मुष्टियोद्ध्यांवर लिहिलं होतं. पण हेल्मेट घालून खेळणाऱ्यांनाही ते होतं, असं मानायला पाऊणशे वर्षं गेली.

ओमालूंचा शोधनिबंध २००५ मध्ये छापून आला. व्यावसायिक लीगने, म्हणजे एनएफएलने, मेंदूच्या दुखापतींसाठी १९९४ पासून एक समिती नेमलेली होती. तिचा बराच काळ प्रमुख होता एक संधिवाततज्ज्ञ! समितीच्या सदस्यांनी हा निबंध मागे घ्यावा, अशी मागणी केली. तो मागे घेतला गेला नाही. फुटबॉल आणि सीटीईचा संबंध आहे हे लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीरपणे मान्य केलं ते २०१६ मध्ये. दरम्यान हजारो माजी खेळाडू कोर्टात गेले होते आणि एक अब्ज डॉलरच्या घरातली तडजोड झाली होती. त्या तडजोडीतली एक गोष्ट तर चीड आणणारी आहे. भरपाईसाठी बौद्धिक ऱ्हास मोजताना कृष्णवर्णीय खेळाडूंची मूळ पातळीच कमी धरण्याची पद्धत त्यात वापरली जात होती. पातळी कमी धरली की घसरणही कमी भरते आणि भरपाई नाकारता येते. २०२१ मध्ये बोभाटा झाल्यावर लीगने ही पद्धत सोडायचं कबूल केलं.

आकड्यांबद्दल मात्र जपून बोलायला हवं. बॉस्टन विद्यापीठाच्या ॲन मकी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मृत फुटबॉलपटूंचे २०२ मेंदू तपासले. एनएफएलमध्ये खेळलेल्या १११ जणांपैकी ११० जणांत सीटीई सापडला. बातम्यांनी याचा अर्थ ‘९९ टक्के खेळाडूंना हा रोग’ असा लावला, आणि तो चुकीचा आहे. हे मेंदू कुटुंबीयांनी दान केलेले होते, आणि दान बहुधा तेच करतात ज्यांनी घरात काहीतरी बिनसलेलं पाहिलेलं असतं. तरीही एक तुलना पुरेशी बोलकी आहे. फ्रॅमिंगहॅमच्या प्रसिद्ध हृदयरोग पाहणीत सहभागी झालेल्या सर्वसामान्य लोकांचे १६४ मेंदू याच गटाने पाहिले, तेव्हा सीटीई एकातच निघाला. तो माणूस कॉलेजात फुटबॉल खेळलेला होता. सीटीईचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं, ही या साऱ्यातली सर्वांत मोठी अडचण.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष २०२३ मधला आहे. ६३१ मृत खेळाडूंच्या अभ्यासात सीटीईचा संबंध कन्कशनच्या संख्येशी जुळला नाही. तो जुळला आयुष्यभरात डोक्याला बसलेल्या धक्क्यांच्या एकूण बेरजेशी. ज्या धक्क्याने भोवळसुद्धा आली नाही, जो खेळाडूला रात्री आठवतही नाही, तोही या खात्यात जमा होतो. हेल्मेटमध्ये बसवलेले संवेदक सांगतात की काही कॉलेज खेळाडूंना एका हंगामात हजारावर धक्के बसतात. त्याआधी २०२० मधल्या अभ्यासाने दाखवलं होतं की खेळाचं प्रत्येक जादा वर्ष सीटीईची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी वाढवतं. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी घरांतल्या मुलालाही कधी ना कधी हायस्कूलच्या टीमचा मोह पडतो, तेव्हा ‘त्याला कन्कशन झालंय का’ यापेक्षा ‘तो किती वर्षं खेळणार’ हा प्रश्न अधिक कामाचा.

पण कॅमेऱ्याला दिसतं ते कन्कशनच. सप्टेंबर २०२२ मध्ये मायामीचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू, टुआ टागोवायलोआ एका सामन्यात डोकं आपटून लडखडला, तरी पुन्हा मैदानात उतरला. चार दिवसांनी सिनसिनाटीत तो परत आपटला आणि त्याची बोटं चेहऱ्यापुढे विचित्र वाकून ताठरली. मेंदूच्या खोडापर्यंत धक्का पोचल्याची ही खूण. कोट्यवधी लोकांनी ती पाहिली आणि पंधरवड्यात नियम बदलला: तोल गेलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही. आपल्या क्रिकेटमध्ये १९६२ साली बार्बाडोसला वेगवान गोलंदाज ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला, तीही सर्वांसमोर घडलेली, एका फटक्याची जखम होती. अशा जखमेसाठी नियम करता येतात आणि केलेही जातात. क्रिकेटमध्ये २०१९ पासून कन्कशनचा बदली खेळाडू मिळतो. रांगेतल्या सेंटरच्या रोजच्या साठ टकरींसाठी असा बदली नसतो.

म्हणून लीग जेव्हा सांगते की २०१७ मध्ये नोंदलेली २८१ कन्कशनं २०२४ मध्ये १८२ वर आली, तेव्हा ती सुधारणा खरी असली तरी ती दुसऱ्याच खात्यावरची असते. धक्क्यांची बेरीज कमी करायची तर टकरीच कमी करायला हव्यात. आयव्ही लीगच्या, म्हणजे हार्वर्ड-येलच्या गटातल्या, कॉलेजांनी २०१६ मध्ये सुरुवातीच्या किकची रेषा अवघी पाच यार्ड पुढे सरकवली. चेंडू जास्त वेळा थेट मैदानाच्या टोकाला जाऊ लागला, लांबून धावत येऊन आदळण्याचे प्रसंग घटले आणि अशा किकवरची कन्कशनं दर हजारी सुमारे अकरावरून दोनवर आली. ना नवं हेल्मेट, ना नवा संवेदक. फक्त खडूची रेषा.

त्याच लीगमधल्या डार्टमथ कॉलेजचा प्रशिक्षक बडी टीव्हन्स याने २०१० मध्येच सरावात एकमेकांना पाडणं बंद केलं होतं. मग पाडायचं कुणाला? कॉलेजच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी रिमोटवर पळणारा, धडक बसली की उलटून पुन्हा उभा राहणारा फोमचा पुतळा बनवला. २०१६ मध्ये वेबस्टरच्या जुन्या संघानेही, पिट्सबर्ग स्टीलर्सने, तो सरावात आणला. टीव्हन्स स्वतः सत्तरच्या दशकात डार्टमथचा क्वार्टरबॅक होता. २०२३ मध्ये सायकल अपघातातल्या दुखापतींनी तो गेला. पुढच्या वर्षी कुटुंबीयांनी त्याच्या मेंदूच्या तपासणीचा निकाल जाहीर केला: सीटीई.