हृदयाच्या हार्मोनची तपासणी: रक्त द्यायला येण्याआधी

नागपुरात अंबाझरी, फुटाळा किंवा सेमिनरी हिल्सवर पहाटेचं धावणं उरकायचं आणि घामेजल्या टी-शर्टवरच लॅबमध्ये यायचं, म्हणजे एका फेरीत दोन कामं होतात. पण एनटी-प्रोबीएनपी या, हृदयावरचा ताण दाखवणाऱ्या रक्ततपासणीच्या बाबतीत हीच सोय महागात पडते. अशा वेळी आम्ही रक्त न घेता पुढची तारीख देतो. त्यावर काही जण नाराज होतात, म्हणून हे पत्रक.

हृदय स्वतः हार्मोन तयार करतं, हे १९८१ मध्ये कॅनडात अडॉल्फो डी बोल्ड यांनी उंदरांवरच्या प्रयोगातून दाखवलं. बीएनपी हे असंच एक हार्मोन. हृदयाच्या कप्प्यांवर ताण आला की ते रक्तात उतरतं, मूत्रपिंडाला जादा मीठ-पाणी बाहेर टाकायला लावतं आणि रक्तवाहिन्या सैल करतं. हृदय कमजोर होत असेल तर ताण कायम राहतो आणि आकडा वाढलेला दिसतो. दम लागणं, पायावर सूज येणं अशा तक्रारींत डॉक्टर ही तपासणी लिहून देतात ती यासाठीच.

आता अडचण अशी की लांब पल्ल्याच्या धावण्यानेही हृदयावर ताण येतो. मॅरेथॉननंतर धडधाकट धावपटूचाही आकडा वाढतो आणि पूर्ववत व्हायला साधारण तीन दिवस लागू शकतात. त्या दिवसांत दिलेल्या रक्तावर मशीन आकडा बरोबरच दाखवतं, पण तो कालच्या शर्यतीचा असतो. मग घरात घबराट, इको (हृदयाची सोनोग्राफी), पुन्हा तपासणी आणि दुप्पट खर्च. म्हणून शर्यतीनंतर निदान तीन दिवस आणि रोजच्या जोरदार व्यायामानंतर एक पूर्ण दिवस जाऊ द्या. पोलीस भरतीचा सराव करणाऱ्या मुलामुलींनाही हेच लागू. विश्रांती घेऊन आलेल्या निरोगी खेळाडूचा आकडा बहुधा बैठं काम करणाऱ्या निरोगी माणसासारखाच येतो, सरावाने हृदय थोडं मोठं झालेलं असलं तरी.

छातीत दुखत असेल किंवा बसल्या जागी दम लागत असेल, तर मात्र विश्रांतीचा हा नियम विसरा आणि थेट हॉस्पिटल गाठा.

दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. वजन जास्त असेल तर आकडा मुळातच कमी येतो, त्यामुळे कमी आकड्यावर निर्धास्त होऊन दम लागण्याकडे दुर्लक्ष करू नका. उलट वय जास्त असेल, किडनीचा त्रास असेल किंवा ठोके अनियमित असतील, तर तो वाढलेला दिसतो. ओपीडीतल्या रुग्णासाठी १२५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आतला आकडा सहसा दिलासा देणारा मानतात. त्यापुढचा अर्थ वय आणि तक्रारी पाहून डॉक्टरच लावतील.

बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी या दोन वेगळ्या तपासण्या आहेत: पहिलीत हार्मोन मोजतात, दुसरीत ते तयार होताना सुटणारा तुकडा. एका लॅबचा बीएनपी आणि दुसरीकडचा एनटी-प्रोबीएनपी शेजारी ठेवून ‘वाढलं की कमी झालं’ ठरवता येत नाही. आम्ही एनटी-प्रोबीएनपीच करतो. बीएनपी रक्तात लवकर मोडतं, आणि नागपूरच्या मे महिन्यात घरून घेतलेलं सॅम्पल लॅबपर्यंत आणताना तो धोका आम्हाला नको असतो. शिवाय सॅक्युबिट्रिल (कमजोर हृदयासाठीचं औषध) असलेली गोळी चालू असेल तर त्या गोळीनेच बीएनपी वाढतं. केसांसाठी किंवा जिममधल्या सल्ल्याने बायोटिन घेत असाल तर आधी सांगा. काही किटवर त्याने आकडा खोटाच कमी दिसतो.

सुई टोचण्याआधी आमच्याकडे काम करणारी मुलगी काउंटरवर विचारते: शेवटचा व्यायाम कधी, कोणता, कुठल्या गोळ्या चालू आहेत? उत्तर रिपोर्टवर नोंदवलं जातं, म्हणजे डॉक्टरांना आकड्यामागचं कारण दिसतं. याचे वेगळे पैसे नाहीत.

उपाशीपोटी येण्याची गरज नाही. सकाळचं धावणं चुकवायचं नसेल तर विश्रांतीच्या दिवशी आमचा माणूस घरी येऊन रक्त घेईल. आदल्या संध्याकाळी फोन करा. जुना रिपोर्ट असेल तर तो काढून ठेवा.