समुद्राकडे पाठ करून

आपल्याकडे गावालगतची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, खणताना जितकं खाली जावं तितका काळ मागे सरकतो. अलास्काच्या वायव्येला, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, केप क्रुझेनस्टर्न नावाचं भूशीर आहे. आज ते राष्ट्रीय स्मारक म्हणून राखलेलं आहे. तिथे मात्र जुना काळ गाठायचा तर समुद्राकडे पाठ करून चालत सुटावं लागतं.

हिमयुगानंतर चढत गेलेलं समुद्राचं पाणी सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी थांबल्यासारखं झालं. तेव्हापासून चुकची समुद्राच्या लाटा इथे वाळू-गोटे आणून टाकताहेत आणि वादळं त्यांचे बांध रचताहेत. शेतातल्या सरी-वरंब्यांसारखे असे ११४ वरंबे इथे एकामागे एक आहेत. सीलच्या शिकारीवर जगणाऱ्यांना घर पाण्याजवळ हवं. म्हणून पुढे नवा वरंबा उभा राहिला की वस्ती तिकडे सरकायची आणि जुनी घरं मागे राहायची.

हा क्रम १९५८ पासून लुई गिडिंग्ज या पुरातत्त्वज्ञाने उलगडला. जमिनीत खोदून बांधलेल्या घरांचे खळगे नुसत्या नजरेलाही कळतात, कारण तिथलं गवत दाट असतं. पाण्यालगत इनुपियाक या इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या अलीकडच्या खुणा, त्यामागे इपियुटाक संस्कृतीची घरं आणि पार आतल्या वरंब्यांवर डेनबी लोकांच्या चुली. त्यांची दगडी पाती इतकी बारीक, की चिमटीत धरावी लागतात. वय चार हजार वर्षांच्या आसपास.

पण आडवा क्रम बरोबर कशावरून? त्याला जोड मिळाली ती कोबुक नदीकाठच्या ओनियन पोर्टेज इथे. कॅरिबूंचे, म्हणजे तिकडच्या रेनडिअरांचे, कळप नदी ओलांडतात ती ही जागा. शिकाऱ्यांचे तळ उतारावरून आलेल्या मातीखाली पुन्हा पुन्हा गाडले गेले आणि थरावर थर साचले. इथलं उत्खनन आपल्या ओळखीचं, उभं, आणि संस्कृतींचा क्रम तोच.

मला सर्वांत ओढ लावतो तो केप क्रुझेनस्टर्नचा ५३वा वरंबा. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची पाच खोल हिवाळी घरं, पाच उथळ उन्हाळी घरं, जवळच देवमाशांची हाडं आणि भाल्यांची भली मोठी पाती. गिडिंग्जने या लोकांना ‘जुने देवमासा-शिकारी’ म्हटलं. पुढच्या अभ्यासकांनी घरांतली हाडं बारकाईने तपासली, तर त्यांत भरणा होता सीलचा. देवमासे त्यांनी मारले, की किनाऱ्याला लागलेले मेलेले वापरले, यावर वाद आहे. माझा कौल घरातल्या हाडांना. माणसं रोज काय खात होती, ते चुलीजवळच कळतं.