डिजिटल प्रीडिस्टॉर्शन

ट्रान्समीटरचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल जसा बिघडवणार आहे त्याच्या बरोबर उलटा बिघाड सिग्नल डिजिटल बेसबँडमध्ये (म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीवर चढवण्याआधी आकड्यांच्या रूपात) असतानाच त्यात घालून ठेवायचा, म्हणजे अँटेनापर्यंत जाताना दोन्ही एकमेकांना जवळपास मारतात, अशी ही पद्धत, थोडक्यात डीपीडी. गरज पडते ती अशी: अ‍ॅम्प्लिफायर सॅच्युरेशनजवळ, म्हणजे कमाल क्षमतेच्या जवळ, चालवला की एफिशियन्सी चांगली पण शेजारच्या चॅनेलमध्ये कचरा, आणि बॅक-ऑफ ठेवला, म्हणजे मुद्दाम कमी पॉवरवर चालवला, की वीज नुसती उष्णतेत जाते.

उगमाबद्दल मात्र एकमत नाही. काहीजण थेट बेल लॅब्सच्या हॅरल्ड ब्लॅकपर्यंत मागे जातात, फीडफॉरवर्डचं (आउटपुटमधली चूक वेगळी काढून पुढे वजा करण्याचं) त्याचं पेटंट 1928 चं आणि निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा भाग उलटा करून इनपुटला परत देणं) 1927 चा, पण या दोन्हीत चूक झाल्यावर ती मोजून काढतात, आधीच ओळखून नाही, त्यामुळे तो फार तर पूर्वज. डिजिटल रूप बरेचदा 1989-90 च्या सुमाराचं धरतात, म्हणजे संशोधक नागाताचं, दुरुस्तीचे आकडे साठवणारं भलंमोठं द्विमितीय टेबल आणि मग केव्हर्सचं फक्त सिग्नलच्या पातळीवरून बघायचं लहान गेन-टेबल (गेन म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण). पण सालेह आणि साल्झ यांनी 1983 मध्येच मेमरीत साठवलेले आणि स्वतःहून सुधारत जाणारे आकडे वापरले होते. ते फक्त कॉन्स्टेलेशनचे बिंदू (डिजिटल चिन्हांसाठी ठरवलेल्या सिग्नलच्या जागा) सरकवत होते हा आक्षेप खरा आहे, तरी सुरुवात तिथून मानणं जास्त पटतं.

टेबल पद्धत अरुंद बँडला पुरते. बँड रुंद झाला की बायस सर्किट (ट्रान्झिस्टरला स्थिर व्होल्टेज देणारं), ट्रान्झिस्टरचं तापणं, गॅलियम नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरमध्ये अडकून बसणारा चार्ज यांमुळे आत्ताचं आउटपुट मागच्या सॅम्पल्सवरही अवलंबून राहतं, यालाच मेमरी इफेक्ट म्हणतात. पूर्ण व्होल्टेरा मालिका (आत्ताच्या आणि मागच्या सॅम्पल्सच्या सगळ्या गुणाकारांची बेरीज) घेतली तर गुणकांची संख्या हाताबाहेर जाते म्हणून तिची छाटलेली मेमरी पॉलिनॉमियल वापरतात, आणि तिचे गुणक लिस्ट स्क्वेअर्सने (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करून) निघतात कारण मॉडेल गुणकांच्या बाबतीत रेषीयच असतं, अ‍ॅम्प्लिफायर कितीही वाकडा असो. आउटपुटचा नमुना परत आणायला वेगळा रिसीव्हर लागतो. पाचव्या ऑर्डरपर्यंतची (सिग्नलच्या पाचव्या घातापर्यंतची) विकृती पाचपट पसरते, म्हणजे 20 मेगाहर्ट्झच्या सिग्नलला साधारण 100 मेगाहर्ट्झ बघावे लागतात, आणि इनपुट व आउटपुट या दोन्ही नमुन्यांचा डिले नीट जुळला नाही तर पुढचं सगळं गणित वाया.

मोबाइल बेस स्टेशनमध्ये हे डोहर्टी (कमी पॉवरवरही एफिशियन्सी टिकवणाऱ्या) अ‍ॅम्प्लिफायरच्या जोडीने असतं, हौशी रेडिओत एसएसबीसाठीही (सिंगल साइडबँड, म्हणजे सिग्नलची एकच बाजूपट्टी पाठवणं) वापरतात. मिलिमीटर वेव्हच्या (फार उच्च फ्रिक्वेन्सीच्या) अनेक अँटेनांच्या अ‍ॅरेमध्ये एकाच डिजिटल साखळीमागे कितीतरी छोटे अ‍ॅम्प्लिफायर असतात, तिथे प्रत्येकाची वेगळी दुरुस्ती जमत नाही, मुख्य बीमच्या दिशेतली एकत्रित विकृतीच तेवढी सुधारता येते.