मंडळीचा इतिहास की ख्रिस्ती नजरेतून इतिहास? घरी शिकवणाऱ्यांची नेहमीची गल्लत

इंदुरात मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी मराठी ख्रिस्ती घरं मोजकीच. त्यांना विचारलं, की इतिहासाचं काय करता, तर उत्तर बहुधा ठरलेलं असतं: "आम्ही ख्रिस्ती इतिहास शिकवतो." आणखी दोन प्रश्न विचारले की लक्षात येतं, एका घरात याचा अर्थ पौल, ल्यूथर, विल्यम केरी आणि रेव्हरंड टिळक अशी ख्रिस्ती धर्माच्या वाटचालीतली मोठी नावं, दुसऱ्या घरात सिंधू संस्कृतीपासून स्वातंत्र्यापर्यंत सगळंच, फक्त शेजारी बायबल उघडं. नाव एकच, पण काम दोन. पहिलं झालं की दुसरंही झालं असं आईवडील धरून चालतात, आणि मूल बाराव्या-तेराव्या वर्षी राजवाड्यासमोर उभं राहून विचारतं, "हे होळकर आपल्या इतिहासात येतात का?"

पहिला आहे मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहास. हा विषय आहे आणि त्याला काठ आहेत. प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या, कृत्यांपासून आजपर्यंत ख्रिस्ती लोकांचं काय झालं, त्यांनी काय केलं, कुठे भांडले, कुठे पसरले, एवढंच त्यात येतं. कोणत्याही धर्माच्या किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्या शिक्षकालाही तो चोख शिकवता येईल. दुसरा आहे ख्रिस्ती नजरेतून इतिहास. त्याला काठच नाहीत, कारण त्यात यादी ठरत नाही, प्रश्न ठरतात. पानिपत, पेशवाई, महायुद्धं, माळव्यातले दुष्काळ, सगळं त्यात येतं. बदलतं ते एवढंच, की माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे आणि पापातही पडलेला आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानून त्या घटनेकडे पाहायचं.

पहिल्याची परीक्षा सोपी आहे. हॉलच्या भिंतीवर कागदाची पट्टी चिकटवा, शंभर वर्षांना दहा सेंटिमीटर. दोन हजार वर्षं दोन मीटरमध्ये मावतात. आता मुलांना आठवतील ती नावं लिहू द्या. सुरुवातीच्या दहा सेंटिमीटरमध्ये प्रेषितांची दाटी होते, मग जवळजवळ एक मीटर चाळीस सेंटिमीटर पट्टी कोरी, आणि एकदम १५१७ सालचा ल्यूथर, ज्याच्यापासून प्रॉटेस्टंट पंथ सुरू झाले. प्रॉटेस्टंट घरांतली ही कोरी पट्टी मला फार बोलकी वाटते. पवित्र आत्मा चौदाशे वर्षं सुट्टीवर होता, असं तर आपण म्हणत नाही ना?

ती भरायला माल भरपूर आहे. ३२५ सालची निकेयाची ख्रिस्ती धर्मगुरूंची परिषद, ४१० साली रोम लुटलं गेल्यावर ऑगस्टिनने हाती घेतलेलं लेखन, चीनमध्ये शिआनला ७८१ साली उभारलेली ख्रिस्ती शिळा. पण आपल्या मुलांसाठी मी सर्वांत आधी केरळातल्या कोल्लमचे ताम्रपट घेईन. ८४९ साली वेणाडच्या अधिपतीने कोल्लमच्या तरिसापल्ली नावाच्या चर्चला दिलेल्या हक्कांची ही सनद. तिच्यावर साक्षीदारांच्या सह्या आहेत, काही अरबी लिपीत, काही पहलवी या जुन्या इराणी लिपीत, काही हिब्रू अक्षरांत. म्हणजे एका हिंदू राजवटीने ख्रिस्ती चर्चला दिलेलं दान, आणि साक्षीला मुसलमान, पारशी, यहुदी व्यापारी. गल्लीत खेळताना "तुमचा धर्म गोऱ्यांनी आणला" हे आपल्या मुलांना कधी ना कधी ऐकावं लागतंच. वास्को द गामा १४९८ साली आला. ताम्रपट त्याच्या साडेसहाशे वर्षं आधीचा. भांडण न करता एवढं सांगता आलं तरी खूप.

त्याच पट्टीवर १५६० ते १८१२ या काळात गोव्याचं इन्क्विझिशनही, म्हणजे धर्मभ्रष्टांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालयही, लिहावं लागतं. ते गाळून शिकवलेला मंडळीचा इतिहास म्हणजे लग्नातली मानपानाची यादी. मानकरी सगळे, खरंखोटं काही नाही.

इंदूरपुरतं बोलायचं तर हा विषय लवकर आटोपतो. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं काम इथे १८७७ पासून, ख्रिश्चन कॉलेज १८८७ चं, आणि रेसिडेन्सी भागातलं व्हाइट चर्च त्याही आधीचं. एका शनिवारी मुलांना नेऊन दाखवून यावं, झालं.

खरी मेहनत दुसऱ्यात आहे. अहिल्याबाई होळकर घ्या. मंडळीच्या इतिहासात त्यांना जागाच नाही, कारण त्या शिवभक्त होत्या. ख्रिस्ती नजरेतून इतिहास शिकवायचा म्हटलं तर त्यांच्यावाचून माळव्याचं पान उलटत नाही. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात नवरा गेला, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला. त्यानंतर १७९५ पर्यंत या बाईंनी महेश्वरहून राज्य चालवलं. देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा, देवळं बांधली. काशीचं विश्वनाथ मंदिरही त्यांनीच पुन्हा उभं केलं.

इथे काही आईवडील अडखळतात. देवळं बांधणाऱ्या राणीचं कौतुक मुलांपुढे करायचं कसं? मग कुणी धडाच गाळतात, कुणी घाईघाईने उरकतात. दोन्हींची गरज नाही, आणि तशी शिकवण खुद्द बायबलचीही नाही. यशया संदेष्टा पारसाच्या कोरेश राजाला (इराणचा सायरस) देवाचा अभिषिक्त म्हणतो, आणि देवाची ओळख नसतानाही देवाने त्याला कामाला लावलं असं स्पष्ट लिहितो. न्यायाने राज्य करणं, विधवेचं धन न लुबाडणं, वाटसरूला पाणी मिळेल असं बघणं, हे चांगलं कुणाकडूनही झालं तरी चांगलंच. ईश्वरशास्त्रात याला सामान्य कृपा म्हणतात. आपली श्रद्धा वेगळी आहे हे मुलाला माहीत असतंच. त्यासाठी अहिल्याबाईंना लहान करावं लागत नाही.

बायबलमधला इतिहास कसा लिहिलाय हे मुलांबरोबर एकदा नीट पाहावं. इस्राएलचा अम्री राजा आसपासच्या देशांत इतका नावाजलेला, की अश्शूरी लेखांत इस्राएलला अम्रीचं घराणं म्हणून ओळखतात, आणि १८६८ साली सापडलेल्या मवाबी शिलालेखातही त्याचं नाव आहे. राजांच्या पुस्तकात त्याला मिळतात जेमतेम सहा ओव्या, आणि शेरा ठरलेला: परमेश्वराच्या दृष्टीने जे वाईट ते त्याने केले. उलट दावीद राजाचं पाप, उरीया या स्वतःच्याच सैनिकाचा त्याने केलेला घात, नाथान संदेष्ट्याने तोंडावर केलेली कानउघाडणी सविस्तर येते, आणि हा तर सर्वांत लाडका राजा. आपल्या माणसाचं झाकायचं नाही आणि मोठेपणा सत्तेवरून मोजायचा नाही, ही त्या नजरेची शिस्त. मोजमाप हेच ठेवलं, की राजवाड्यातल्या राजाइतकाच कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांचे दगड घडवणारा पाथरवटही धड्यात येतो.

आता आणखी एक गुंता, आणि माझ्या मते सर्वांत घातक. ख्रिस्ती नजर म्हणजे प्रत्येक घटनेत देवाचा हेतू सांगणं, अशी समजूत. अमका जिंकला कारण देव त्याच्या बाजूला होता. तमक्यावर संकट आलं कारण त्याला शिक्षा होती. मुलांना असे धडे आवडतात, कारण उत्तर तयार मिळतं.

इंदूरचंच उदाहरण घेऊ. १ जुलै १८५७. रेसिडेन्सीवर, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीच्या ठाण्यावर, तोफा डागल्या गेल्या. डागणारे होते होळकरांच्याच फौजेतले लोक, सआदत खान त्यांच्या पुढे. रेसिडेंटचं काम पाहणारा हेन्री ड्युरंड बायकामुलांना घेऊन सीहोरकडे निघून गेला. महाराज तुकोजीराव दुसरे तेव्हा विशीतले. महाराजांचा यात हात आहे असं ड्युरंडचं ठाम मत झालं. त्यावरून पुढे इंग्रजांमध्येच वाद झाला आणि महाराजांची बाजू घेणारे इंग्रजही निघाले.

त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला ब्रिटनमध्ये उपास आणि प्रार्थनेचा राष्ट्रीय दिवस पाळला गेला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये नामवंत उपदेशक स्पर्जन यांचा उपदेश ऐकायला तेवीस हजारांवर लोक जमले होते. विषय हिंदुस्थानातलं बंड. देवाने हे का होऊ दिलं याची उत्तरं त्या दिवशी इंग्लंडभर व्यासपीठांवरून दिली गेली, आणि न्याय कुणाच्या बाजूला आहे याबद्दल बहुतेकांना शंका नव्हती. त्या उपदेशांचं पान इंदूरच्या रेसिडेन्सीबाहेर, १८५७ मध्ये ज्यांची माणसं मेली त्यांच्या वंशजांशेजारी बसून वाचलं, की कळतं: देवाचं मन आपण जाणतो असं म्हणणाऱ्याला बहुधा स्वतःच्या देशाचंच मन ठाऊक असतं.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेल्याचा उल्लेख आहे. ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का, असं येशू विचारतो आणि स्वतःच "नाही" म्हणतो. माझ्या लेखी इतिहास शिकवणाऱ्या ख्रिस्ती माणसासाठी हा सर्वांत उपयोगी उतारा. देव इतिहासात काम करतो हा विश्वास ठेवायचा. पण कुठल्या तोफेच्या मागे त्याचा कुठला हेतू होता, हे सांगायला आपण संदेष्टे नाही. म्हणून १ जुलैचा धडा घेताना मुलांना विचारायचं: ड्युरंडने असं का लिहिलं असेल? शिपायांना काय वाटत होतं हे आपल्याला कुठून कळेल? निरपराध बायकामुलं मेली त्याला काय म्हणायचं, आणि नंतर गावागावांत फाशा दिल्या गेल्या त्याला काय? "तू शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको" ही आज्ञा मेलेल्या शेजाऱ्यालाही लागू असते.

अमेरिकेहून मागवलेल्या तयार अभ्यासक्रमांची अडचण इथेच येते. कागद गुळगुळीत, चित्रं देखणी, पण त्यांतली देवाची कृपा इंग्लंडहून अमेरिकेत वसायला निघालेल्यांच्या १६२० सालच्या मेफ्लॉवर जहाजातून उतरते आणि तिथेच स्थिरावते. महिदपूर त्यात येणारच नाही. जिथे २१ डिसेंबर १८१७ रोजी इंग्रजांकडून होळकरांचा पराभव झाला, जानेवारीत मंदसौरचा तह झाला, आणि इंदूरजवळ महूची इंग्रज छावणी वसली. पुस्तकं वापरायला हरकत नाही, पण माळव्याची पानं आपणच घालायची.

महू म्हटलं की बाबासाहेब आंबेडकरही येतात. जन्म तिथलाच, १८९१ चा. "ते बौद्ध झाले, ख्रिस्ती का नाही झाले?" हा प्रश्न आपल्या घरात येतोच. प्रामाणिक उत्तर द्यायचं तर ख्रिस्ती झाल्यावरही जात सुटत नाही, ही त्यांनी आपल्या ख्रिस्ती लोकांवर केलेली टीका मुलांना सांगावी लागते. इथे दोन्ही इतिहास एकमेकांना भिडतात: मंडळीचा इतिहास सांगतो काय घडलं, आणि ख्रिस्ती नजर विचारते की मग पश्चात्ताप कुणी करायचा. पंडिता रमाबाईंचंही तसंच. त्यांचा मुक्ती सदन हा आश्रम पहिल्या यादीत असतो. पण १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून विधवा आणि मुली त्यांनी आश्रयाला नेल्या तो दुष्काळ, रेल्वे असूनही माणसं उपाशी का मेली, हे सगळं दुसऱ्यात.

कोणत्या वयाला काय, तर दहा वर्षांपर्यंत पहिला, गोष्टींच्या रूपाने. प्रश्न विचारण्याची नजर अकरा-बारानंतर, कारण त्याआधी मुलांना नायक आणि खलनायकच हवे असतात. एनआयओएसच्या, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेच्या, परीक्षेला बसवायचं असेल तर मुलाला आधीच स्पष्ट सांगा, की उत्तरपत्रिकेत घटना, कारणं, परिणाम एवढंच लिहायचं. आपली चर्चा घरच्या वहीत. दोन्ही ठिकाणी तारखा मात्र त्याच. आणि आठवड्याला इतिहासाला दोनच तास मिळत असतील तर ते दुसऱ्यावर घालवा. पहिला संडेस्कूलवर सोपवता येतो, फक्त तिथल्या टीचरना कोल्लमच्या ताम्रपटांचा फोटो आधी नेऊन द्या.