मॅकबेथ आणि क्रेऑन: महत्त्वाकांक्षेची कीड वेगळी, सत्तेची वेगळी

शोकांतिकांवरचे कोणतेही लेखन उघडावे, तर ‘सत्ता माणसाला भ्रष्ट करते’ हे विधान आणि त्याखाली उदाहरण म्हणून शेक्सपिअरचा मॅकबेथ, ही जोडी हमखास भेटते. विधानाचे मूळ लॉर्ड ॲक्टन यांनी १८८७ साली एका इतिहासकाराला लिहिलेल्या पत्रात आहे आणि तेथे त्यांनी सत्तेचा कल तसा असतो एवढेच म्हटले होते. पण ते एक वेळ चालवून घेता येईल. उदाहरण मात्र चालवून घेता येत नाही, कारण मॅकबेथने स्कॉटलंडचा राजा डंकन याचा खून केला तेव्हा तो राजा नव्हता. त्याला जे बिघडवते ते नसलेल्या सिंहासनाचे आकर्षण आहे. असलेल्या सिंहासनाने बिघडलेला माणूस पाहायचा असेल, तर ग्रीक नाटककार सॉफोक्लिसच्या ‘अँटिगोनी’मधला क्रेऑन पाहावा.

मॅकबेथची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून एकाच वाक्यात सांगतो: चेटकिणी राजपदाचे भाकीत करतात, पत्नी भरीस घालते आणि सरदार मॅकबेथ घरी पाहुणा आलेल्या राजाचा खून करून गादीवर बसतो. क्रेऑनची मात्र थोडी अधिक सांगावी लागते. पूर्वीचा राजा इडिपस याचे दोन्ही मुलगे एकमेकांच्या हातून मरतात आणि जवळचा नातलग म्हणून थीब्जचे राज्य क्रेऑनकडे येते. त्यासाठी त्याने कोणाला मारलेले नाही, कोणते कारस्थानही रचलेले नाही. त्या दोघांपैकी शहरावर चाल करून आलेल्या पॉलिनायसिसच्या प्रेताला कोणी मूठमाती देऊ नये, हा त्याचा पहिला हुकूम. तो निष्ठुर आहे, पण नुकत्याच युद्धातून वाचलेल्या शहराच्या राजाला तो सुचावा यात अनाकलनीय असे काही नाही. पॉलिनायसिसची बहीण अँटिगोनी हा हुकूम मोडून त्याला मूठमाती देते आणि क्रेऑन तिला जिवंतपणी गुहेत कोंडतो. (‘राजा इडिपस’मधला क्रेऑन आपल्याला राजपदाची हाव नाही असे सांगतो, हा पुरावा अनेक जण येथे जोडतात. मी तो जोडत नाही, कारण ते नाटक ‘अँटिगोनी’नंतर लिहिले गेले असे सामान्यतः मानले जाते आणि ही दोन नाटके एकाच नाट्यत्रयीचे भाग नाहीत.)

या दोघांमधला खरा फरक आपण काय करत आहोत हे कोणाला कळते, यात आहे. पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात मॅकबेथ डंकनला न मारण्याची कारणे स्वतःच मोजतो: आपण त्याचे आप्त आहोत, प्रजाजन आहोत आणि आज त्याचे यजमान आहोत, मारेकऱ्यासमोर दार लावून घेणे ज्याचे कर्तव्य, त्यानेच सुरा कसा उचलावा? पुढे तो असेही म्हणतो की डंकनने आपले अधिकार सौम्यपणे वापरले आणि त्याचा कारभार निष्कलंक राहिला. म्हणजे सत्तेने न बिघडलेला राजा त्या नाटकात आहे आणि त्याची साक्ष खुद्द मॅकबेथ देतो! न्यायनिवाड्यात तो कोठेही चुकत नाही, आपल्याजवळ फक्त उफाळणारी महत्त्वाकांक्षा आहे हेही मान्य करतो आणि तरीही खून करतो. महत्त्वाकांक्षा त्याची दृष्टी शाबूत ठेवते, इच्छाशक्ती तेवढी पोखरते.

क्रेऑनचे नेमके उलट होते. राज्यकारभारात पारख झाल्याखेरीज कोणाचा स्वभाव कळत नाही आणि उत्तम सल्ल्याला धरून न राहणारा राज्यकर्ता सर्वांत वाईट, असे तो पहिल्याच भाषणात सांगतो. ते तो मनापासून म्हणतो असे मी मानतो. त्याला ढोंगी ठरवणारे वाचन मला उथळ वाटते. त्यानंतर मात्र वेगळे बोलणाऱ्या प्रत्येकाच्या बोलण्यामागे त्याला हेतू दिसू लागतो. वर्दी घेऊन आलेला पहारेकरी पैसे खाऊन आला असणार. अँटिगोनीची बहीण इस्मेनी कटात सामील असणार. नगराचे मत सांगणारा, अँटिगोनीशी लग्न ठरलेला स्वतःचा मुलगा हेमॉन एका बाईचा गुलाम झाला असणार. अंध द्रष्टा टायरेसियसही सोन्याच्या लोभाने बोलत असणार. एका माणसाचे असते ते नगरच नव्हे, असे हेमॉन म्हणतो, तेव्हा नगर राज्यकर्त्याचेच मानले जात नाही का, असा प्रश्न क्रेऑन विचारतो आणि त्यात त्याला काहीही वावगे वाटत नाही. कोणत्याही मोहावर मात न करता, आपण कर्तव्य करत आहोत या समजुतीतच तो जुलमी होतो. सत्तेचा दोष म्हणतात तो हा, आणि त्यात हाव असावीच लागते असे नाही.

राजा झाल्यावर मॅकबेथही बिघडत जातो, हा आक्षेप रास्त आहे. तो आपला सहकारी सरदार बँको याला मारवतो, सरदारांच्या घरोघरी पगारी हेर ठेवतो, विरोधात गेलेला सरदार मॅकडफ याच्या बायकामुलांची कत्तल करवतो. परंतु ही सारी पहिल्या खुनाची भीती आहे, आणि तो आंधळा तेव्हाही झालेला नाही: मान, प्रेम, मित्रांचा गोतावळा यांतले काहीही आपल्या म्हातारपणाच्या वाट्याला येणार नाही, हे तो पाचव्या अंकात स्वच्छ सांगतो. असे वाक्य क्रेऑनच्या तोंडी सर्वनाश होईपर्यंत येऊच शकत नाही.

बाकीचे फरक किरकोळ आहेत: एकीकडे चेटकिणी, दुसरीकडे द्रष्टा, एक मारला जातो, दुसरा जिवंत राहतो. चेटकिणींवर किंवा लेडी मॅकबेथवर खापर फोडणाऱ्यांनी पहिल्या अंकाचा तिसरा प्रवेश पुन्हा वाचावा. खून करायला चेटकिणींनी सांगितलेले नाही आणि पत्नीची भेटही अजून व्हायची आहे, तरी खुनाचे चित्र मॅकबेथच्या मनात उमटलेले आहे.

एक परिणाम मात्र किरकोळ नाही. डंकन दुसऱ्या अंकात मरतो आणि त्यानंतर मॅकबेथला परतीची वाट नसते, उलट क्रेऑनची चूक नाटक संपत येईपर्यंत दुरुस्त होण्याजोगी असते. टायरेसियस निघून गेल्यावर तो अखेर नमतो, तेव्हा आधी मुलीला गुहेतून सोडव आणि मग प्रेताला मूठमाती दे, असे वृद्धांचा कोरस (नाटकातला गायकवृंद) त्याला सांगतो. क्रेऑन आधी प्रेताकडे जातो, आणि तो गुहेशी पोहोचतो तोवर अँटिगोनीने गळफास घेतलेला असतो.