वॉर्साचा 'घेटो' जुना नव्हता

पोलंडची राजधानी वॉर्सा इथले ज्यू पूर्वीपासूनच भिंतीआड, घेटोत म्हणजे सक्तीच्या वेगळ्या वस्तीत राहत होते आणि नाझींनी फक्त दरवाजे बंद केले, असं अनेकदा वाचायला मिळतं. हे खरं नाही. ती भिंत १९४० साली शहराचा ताबा घेतलेल्या जर्मनांनी उभी केली आणि १६ नोव्हेंबरला घेटो बंद केला. त्यासाठी लाखाहून जास्त ज्यूंना शहराच्या इतर भागांतून उचलून तिथं कोंबलं, तर लाखभर बिगर-ज्यूंना तिथली घरं सोडावी लागली. वस्ती मुळातच वेगळी असती, तर एवढी हलवाहलव कशाला लागली असती?

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात शहरातला साधारण दर तिसरा माणूस ज्यू होता. नालेव्की रस्त्यावर त्यांची दाट वस्ती आणि बाजार होता हे खरं, पण तिथून कुणीही कुठंही जाऊ शकत होतं. यिडिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत 'हाइन्ट' आणि 'मोमेन्ट' ही दैनिकं निघत. 'नाश प्शेग्लोन्द' हे ज्यूंचंच दैनिक, पण पोलिश भाषेतलं. १९२६ मध्ये अनाथाश्रम चालवणारे डॉक्टर आणि लेखक यानुश कोर्चाक यांनी त्याच्याबरोबर मुलांचं साप्ताहिक सुरू केलं. त्यातला मजकूर मुलंच पाठवत. मला हे फार मोलाचं वाटतं.

ज्यूद्वेष तेव्हाही होताच. विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांना वेगळ्या बाकांवर बसायला लावत, आणि निषेध म्हणून ते तास उभ्यानं ऐकत. पण भिंत तेव्हा नव्हती. कोर्चाकांचा अनाथाश्रम १९१२ पासून क्रोखमाल्ना रस्त्यावर होता. १९४० मध्ये मुलांसह त्यांना तो सोडावा लागला, कारण ती इमारत भिंतीबाहेर राहिली होती.