प्रोस्टेट आणि वृषण: एका प्रकरणातले दोन निराळे कर्करोग

पुरुष जननसंस्थेच्या प्रकरणात प्रोस्टेट आणि वृषण या अवयवांचे कर्करोग एकापाठोपाठ शिकवले जातात आणि परीक्षेच्या धांदलीत विद्यार्थ्यांकडून दोहोंची हमखास सरमिसळ होते. वास्तविक रुग्णाचे वय, गाठीच्या वाढीचा वेग, रक्तचाचणीचा अर्थ आणि उपचारांची दिशा यांपैकी कशातही त्यांचे साम्य नाही. हे फरक पाठ करण्यापेक्षा अवयवांच्या रचनेतून समजून घेतले, तर ते विसरत नाहीत.

प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असते. उतारवयात तिची जी साधी वाढ होते ती मूत्रमार्गालगतच्या भागात होते, म्हणून लघवीची धार बारीक होते. कर्करोग मात्र सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये ग्रंथीच्या बाहेरच्या, गुदाशयाकडील भागात सुरू होतो. त्यामुळे सुरुवातीला लघवीची तक्रार बहुधा नसतेच. उलट गुदद्वारातून बोटाने तपासताना तिथला कडक उंचवटा हाताला लागू शकतो. रोग पसरला की तो प्रामुख्याने कण्याच्या आणि कटीच्या हाडांत जातो आणि तिथे नवे हाड तयार करवतो, म्हणून एक्स-रेमध्ये ते डाग पांढरे दिसतात.

रक्तचाचणीत मोजले जाणारे पीएसए हे प्रथिन वीर्य पातळ करण्याचे काम करते आणि ते प्रोस्टेटची खूण आहे, कर्करोगाची नव्हे. साधी वाढ, जंतुसंसर्ग किंवा नुकतीच घातलेली लघवीची नळी यांनीही ते वाढते; याउलट साध्या वाढीवरचे फिनास्टेराइड हे औषध काही महिने चालू असेल तर आकडा जवळपास निम्मा दिसतो आणि खोटा दिलासा मिळतो. निदान बायोप्सीनेच पक्के होते. ग्लीसन गुणांक (सूक्ष्मदर्शकाखाली गाठ किती आक्रमक दिसते याचे माप) ६ असलेली गाठ इतकी संथ असते की अनेकदा लगेच उपचार न करता नियमित देखरेख ठेवणेच शहाणपणाचे ठरते. पसरलेल्या रोगात टेस्टोस्टेरॉन रोखण्याचा उपचार चार्ल्स हगिन्स यांच्या १९४१ मधील कामावर उभा आहे. त्यासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळाले.

वृषणाचा कर्करोग तरुणांचा. सुमारे ९५ टक्के गाठी बीजपेशींपासून, म्हणजे ज्यांपासून शुक्रजंतू बनतात त्या पेशींपासून, होतात आणि लहानपणी वृषण खाली न उतरलेल्यांना धोका अधिक असतो. गाठ बहुतेकदा दुखत नाही. संसर्ग समजून प्रतिजैविके देण्यात आठवडे निघून जातात, ही चूक फार नेहमीची आहे. सोनोग्राफी त्याच आठवड्यात व्हायला हवी.

इथे भ्रूणशास्त्र कामी येते. वृषण तयार होतात पोटाच्या मागच्या भिंतीवर, मूत्रपिंडांच्या जवळ, आणि खाली उतरताना आपल्या रक्तवाहिन्या व लसिकावाहिन्या सोबत आणतात. म्हणून कर्करोगाच्या पेशींचा पहिला मुक्काम महाधमनीलगतच्या लसिकाग्रंथींत पडतो, जांघेत नव्हे. वृषणकोशाच्या त्वचेची लसिका मात्र जांघेत जाते. जांघ चाचपून निर्धास्त होणारा विद्यार्थी पोटाचा सीटी स्कॅन विसरतो आणि रुग्ण कंबरदुखीची तक्रार करत राहतो. याच कारणाने वृषणकोशातून सुई घालून बायोप्सी करत नाहीत: रोगाला नवी वाट मिळू शकते. वृषण काढायचे ते जांघेतील छेदातून, शुक्ररज्जूसह, म्हणजे वृषणाच्या रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनी असलेल्या दोरीसह.

एएफपी आणि एचसीजी ही रक्तातील द्रव्ये इथे पीएसएपेक्षा अधिक बोलतात. एएफपीचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातील प्रमाण निम्मे होण्याचा काळ, ५ ते ७ दिवस, एचसीजीचे एक ते दीड दिवस. शस्त्रक्रियेनंतर ती या वेगाने उतरली नाहीत, तर रोग कुठेतरी शिल्लक आहे असे धरावे लागते. शुद्ध सेमिनोमा (बीजपेशींच्या गाठीचा एक प्रकार) एएफपी तयार करत नाही, त्यामुळे अहवालात सेमिनोमा आणि रक्तात वाढलेले एएफपी असा मेळ दिसला, आणि यकृताचे कारण नसले, तर गाठ मिश्र, म्हणजे सेमिनोमाबरोबर दुसरा प्रकारही असलेली, मानूनच उपचार ठरतात.

वृषणाच्या पसरलेल्या कर्करोगाचे चित्र बदलणारे सिसप्लॅटिन मुळात कर्करोगावरील औषध म्हणून शोधले गेले नव्हते. १९६५ मध्ये बार्नेट रोझेनबर्ग विद्युतप्रवाहाचा जिवाणूंवरील परिणाम तपासत असताना प्लॅटिनमच्या विद्युताग्रांतून निघालेल्या संयुगांनी जिवाणूंचे विभाजन थांबल्याचे त्यांना आढळले. पुढे १९७४ मध्ये लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते इतर औषधांबरोबर वापरायला सुरुवात केली आणि सर्वत्र पसरलेला वृषणाचा कर्करोगही बरा होऊ लागला. रुग्ण तरुण असतो आणि ही औषधे प्रजननक्षमतेला धक्का देऊ शकतात, म्हणून शुक्रजंतू गोठवून ठेवण्याचा विषय पहिल्या सलाइनच्या आधीच काढावा लागतो.